तबकडी मधोमध बसवायची तर आधी खालचं लॉक बघा

घड्याळ मनगटावर फिरतं म्हणजे ते सैल आहे, असं बहुतेकांना वाटतं. मग दुकानात जाऊन चेनची एक कडी कमी करून आणली जाते. घड्याळ घट्ट होतं, संध्याकाळी मनगटावर वळ उठतात आणि तबकडी तरीही करंगळीच्या बाजूला घसरलेलीच असते. अशा घड्याळाची लांबी बहुतेक वेळा बरोबर असते, चुकलेली असते ती वाटणी. बाराच्या बाजूला किती कड्या आणि सहाच्या बाजूला किती, हे कुणी बघितलेलंच नसतं.

मनगट गोल नसतं. वरून ते चपटं असतं आणि खालून, जिथे नाडी बघतात तिथेही चपटं असतं. चेनमधला सगळ्यात लांब, सपाट आणि न वाकणारा भाग म्हणजे लॉक. त्याला नीट बसायला खाली एकच जागा आहे, ती म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूचा मध्य. सकाळी घड्याळ घालताना लॉक कुठेही असो, हात दहा-वीस वेळा हलला की ते त्या सपाट जागेकडे सरकतं आणि वरच्या तबकडीलाही सोबत ओढून नेतं. म्हणून तबकडी कुठे थांबणार हे वर बघून कळत नाही, हात उलटा करून बघावं लागतं.

दोन मिनिटांची तपासणी

घड्याळ घाला आणि तबकडी हाताने बरोबर मध्यावर आणा. आता हात न झटकता तळवा वर करा. खालचा मध्य कुठे, हे शोधायला अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरीसारखी शीर उभी राहते. ती शीर नसलेले हातही असतात, तिथे पट्टीने रुंदी मोजून मध्य काढा. बॉलपेनने तिथे एक रेघ मारा आणि लॉकचा मध्य त्या रेघेपासून कुठल्या बाजूला आणि किती मिलिमीटर सरकलेला आहे ते बघा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घड्याळ डाव्या हातात असो की उजव्या, वेळ बघताना बाराचा आकडा करंगळीच्या बाजूला असतो आणि सहाचा अंगठ्याच्या बाजूला. त्यामुळे पुढचा नियम दोन्ही हातांना सारखाच लागू होतो.

लॉक करंगळीकडे सरकलेलं असेल तर सहाच्या बाजूची चेन लांब आहे. लॉक मध्याकडे येऊ बघेल आणि तबकडी बाहेर, करंगळीकडे पडेल. सहाच्या बाजूची एक कडी काढून बाराच्या बाजूला घाला.

लॉक अंगठ्याकडे सरकलेलं असेल तर बाराची बाजू लांब आहे. तबकडी आत, अंगठ्याकडे कलेल. बाराच्या बाजूची एक कडी सहाच्या बाजूला न्या.

कडी या बाजूची त्या बाजूला नेली की एकूण लांबी तीच राहते, पण लॉक एका पूर्ण कडीइतकं सरकतं. कडी ८ मिलिमीटरची असेल तर लॉक ८ मिलिमीटर हलणार. म्हणून फरक ४ मिलिमीटरच्या आत असेल तर पूर्ण कडी हलवू नका, तेवढंच लॉक दुसऱ्या बाजूला जाऊन बसेल. काही चेनमध्ये एक-दोन अर्ध्या कड्या दिलेल्या असतात. अशा वेळी एका बाजूची पूर्ण कडी आणि दुसऱ्या बाजूची अर्धी कडी यांची अदलाबदल करा.

बऱ्याच हातांवर सहाची बाजू बाराच्या बाजूपेक्षा एका कडीने आखूड ठेवली की घड्याळ नीट बसतं. करंगळीच्या बाजूला मनगटाचं हाड बाहेर आलेलं असतं, त्याला वळसा घालून खालच्या मध्यापर्यंत यायला थोडी जास्त लांबी लागते. दुकानात चेन कमी करायला द्याल तेव्हा हे स्पष्ट सांगा. गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढल्या जातात, किंवा जी बाजू हाताशी येते तिकडच्याच सगळ्या निघतात.

घड्याळ हाडाच्या कुठल्या बाजूला?

हात टेबलावर पालथा ठेवला की करंगळीच्या बाजूला मनगटाचं गोल हाड उंचावलेलं दिसतं. घड्याळ या हाडाच्या कोपराकडच्या बाजूला बसायला हवं, केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीची, कड हाडापासून साधारण बोटभर दूर. हाडावरच घड्याळ ठेवलं तर ते डोलतं, कारण खालचा आधार उंचसखल असतो. हाडाच्या पलीकडे, पंजाच्या बाजूला घातलं तर मनगट मागे वाकवताना चावी हाताच्या पाठीत रुतते. गाडीचा हँडल धरणाऱ्यांना आणि जोर काढणाऱ्यांना हा त्रास सगळ्यात आधी जाणवतो. उजव्या हातात घड्याळ घातलं तर चावी कोपराकडे येते आणि रुतणं थांबतं.

हात पंजाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे सैल घड्याळ खाली घसरून हाडावर येऊन थांबतंच. लांबी ठरवताना कसोटी हीच ठेवा. हात खाली सोडून हलकेच झटकला की घड्याळ हाडापर्यंत यावं, पण हाडावर चढू नये.

घड्याळ मनगटाला मोठं तर नाही?

हे आधी बघितलेलं बरं, कारण इथे चूक असेल तर कड्यांची कितीही अदलाबदल केली तरी उपयोग नाही. तबकडीचा व्यास सगळे बघतात, पण बसण्याच्या दृष्टीने दुसरं माप महत्त्वाचं आहे. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांना दुकानात लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. लगचं अंतर या सपाट रुंदीपेक्षा कमी हवं. सपाट भाग ५० मिलिमीटर असेल तर ४६-४७ चं घड्याळ छान बसतं आणि ५२ चं दोन्हीकडे हवेत लटकतं.

चेनच्या घड्याळात आणखी एक अडचण असते. केसला चिकटलेली पहिली कडी लगच्या टोकापासून सरळ खाली वळते की आधी बाहेर येऊन मग वळते, ते बघा. बाहेर येऊन वळणारी असेल तर दोन्हीकडे काही मिलिमीटर वाढले असंच धरा. बारीक मनगटावर चेनमध्ये बोजड वाटणारं तेच घड्याळ चामडी पट्ट्यावर सुरेख बसतं, त्याचं कारण बरेचदा ही पहिली कडी असते.

वजनाचाही हिशेब आहे. पाण्याखाली बुड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेलं जाड पोलादी घड्याळ पातळ कापडी पट्ट्यावर चढवलं तर सगळा भार वर राहतो आणि ते एका बाजूला कलंडत राहतं. त्याला चेनच हवी, किंवा जाड पट्टा. याउलट कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू अवघं २१ ग्रॅमचं आहे, ते सैल घातलं तरी जागा फारशी सोडत नाही.

लांबी किती ठेवायची

मनगट दुपारनंतर मोजा. सकाळी, थंडीत किंवा नुकतीच गार पाण्याने आंघोळ झाल्यावर ते बारीक असतं. उकाड्यात, चालून आल्यावर, खारट जेवणानंतर ते फुगतं. डिसेंबरातल्या पुण्यात सकाळी सात वाजता अचूक बसवलेलं घड्याळ मे महिन्यात नागपुरात दुपारी रुतणार, हे ठरलेलंच.

न ताणणारा दोरा जिथे घड्याळ बसतं तिथे गुंडाळा, मग पट्टीवर मोजा. समजा १६५ मिलिमीटर आलं. आता लॉक बंद करून घड्याळाच्या आतल्या कडेने दोरा फिरवा. समजा ते १९८ भरलं. चेनसाठी मनगटापेक्षा ५ ते ८ मिलिमीटर जास्त जागा ठेवायची असते, म्हणजे आपल्याला हवेत साधारण १७२. जास्तीचे २६ मिलिमीटर. एक कडी ८ ची असेल तर ३ कड्या काढायच्या, दोन सहाच्या बाजूच्या आणि एक बाराच्या बाजूची. उरलेले २ मिलिमीटर लॉकच्या कडेच्या छिद्रांवर जुळवायचे, ते कसं ते पुढे येतंच. मग वरची पेनाची तपासणी पुन्हा करायची. शंका असेल तर एक कडी कमी काढा. कमी काढलेली नंतर काढता येते, पण जास्त काढलेली परत बसवताना पिनेला दुसऱ्यांदा ठोके बसतात.

बसवून झाल्यावर लॉकच्या शेजारी करंगळीचं टोक सहज गेलं पाहिजे. अख्खी तर्जनी जात असेल तर सैल आहे.

कड्या काढताना

घरी करायचं असेल तर लागतं एवढंच: ०.८ ते ०.९ मिलिमीटरचा पिन पंच, हलकी हातोडी किंवा चेनचा प्लॅस्टिकचा जॅक (चेन धरून पिन ढकलणारं साधन), चिमटा, स्प्रिंग बारचं (दोन्ही टोकं दाबली की आत जाणाऱ्या बारीक दांडीचं) टूल आणि कड असलेलं पांढरं ताट. ताट यासाठी की सुटलेला भाग त्यातच राहावा. पॉलिश केलेल्या बाजूंवर मास्किंग टेप लावा.

चेन उलटी करून आतून बघा. काही कड्यांवर बाण कोरलेले असतात. बाण असलेल्याच कड्या निघतात, बाकीच्या पक्क्या असतात. पिन बाणाच्या दिशेने ढकलून काढायची आणि बाणाच्या उलट दिशेने परत घालायची. सगळ्यात सामान्य चूक इथेच होते. उलट्या बाजूने ठोकलं तर पिन वाकते, छिद्र मोठं होतं आणि मग ती कडी कधीच घट्ट धरत नाही. पिन जशी बाहेर आली तशीच आडवी ठेवून द्या, फिरवू नका. जे टोक आधी बाहेर आलं ते परत घालताना शेवटी आत जायला हवं. पहिल्यांदाच करत असाल तर आधी मोबाइलवर एक फोटो काढा.

सेइको आणि सिटिझनच्या बऱ्याच चेनमध्ये पिनेसोबत एक इवलीशी नळी असते. पिन काढली की ती ताटात गळून पडते आणि लक्षात येत नाही. ही नळीच पिनेला धरून ठेवते. तिच्याशिवाय पिन सहज आत जाते आणि आठवड्याभरात तशीच सहज बाहेर पडून घड्याळ रस्त्यावर पडतं. पिन घालताना अजिबात जोर लागला नाही तर थांबा आणि नळी शोधा.

स्क्रूच्या चेनला स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेच्या पूर्ण रुंदीला भरेल असं हवं, नाहीतर खाच ओरबाडते. स्क्रू हलतच नसेल तर त्याला आतून गोंद लावलेला असतो. एखाद मिनिट हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि मग फिरवा. परत बसवताना बारीक स्क्रूंसाठीचा कमी ताकदीचा जांभळा गोंद, लॉकटाइट २२२, टाचणीच्या टोकाने एक ठिपका लावा. लाल लॉकटाइट लावू नका, तो स्क्रू नंतर साध्या हाताने निघत नाही.

लॉकवरची छिद्रं

लॉकच्या कडेला दोन ते सहा बारीक छिद्रांची रांग असते. त्यात स्प्रिंग बार अडकलेला असतो. तो टूलने किंवा टूथपिकने दाबून एक छिद्र पुढे-मागे केला की लांबी दोन-तीन मिलिमीटरने बदलते. उन्हाळ्यात एक छिद्र सैल, थंडीत परत, एवढी सवय केली तर वर्षभर रुतण्याचा त्रास नाही. स्प्रिंग बार दाबताना अंगठा त्याच्यावर ठेवा, नाहीतर तो उडून कपाटामागे जातो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून हे काम केलं तर हरवण्याची भीतीच नाही. बसवल्यावर दोन्ही टोकं छिद्रातून दिसतात का ते पाहा आणि चेन जोराने ओढून बघा.

या छिद्रांनी फक्त एकच बाजू लांब-आखूड होते. २ मिलिमीटर बदललं तर लॉकचा मध्य १ मिलिमीटरने सरकतो. म्हणून मध्य साधण्याचं मोठं काम कड्यांनी करा आणि छिद्रं फक्त सैल-घट्ट करण्यासाठी ठेवा.

दोन्हीकडे पंखासारखं उघडणारं बटरफ्लाय लॉक असेल तर ही छिद्रं बहुधा नसतातच. दिसायला ते नाजूक आणि सुंदर असतं, पण लांबी एका कडीच्या पायरीनेच बदलते. तुमचं माप दोन पायऱ्यांच्या मध्ये पडत असेल तर अर्धी कडी मिळते का ते विचारूनच असं घड्याळ घ्या.

चामडी पट्ट्याचं गणित

इथे बक्कल असलेला आखूड तुकडा बाराच्या बाजूला असतो आणि छिद्रांचा लांब तुकडा सहाच्या. दुकानातला नेहमीचा पट्टा ७५ आणि ११५ किंवा १२० मिलिमीटरचा असतो. तुम्ही कुठल्याही छिद्रात बक्कल लावा, लांबी फक्त सहाच्या बाजूची बदलते. बाराची बाजू ७५ ची ७५ च राहते. म्हणजे तबकडी मध्यावर असताना बक्कल कुठे येणार, हे पट्टा विकत घेतानाच ठरलेलं असतं.

मनगटाच्या घेरातून लगचं अंतर वजा करा आणि निम्मं करा. घेर १८५ आणि लगचं अंतर ४६ असेल तर १३९ चं निम्मं जवळजवळ ७०, त्याला ७५ चा तुकडा ठीक आहे. घेर १५५ असेल तर १०९ चं निम्मं ५५. इथे ७५ चा तुकडा बक्कल मध्याच्या २० मिलिमीटर पलीकडे, अंगठ्याच्या बाजूला नेऊन ठेवतो. ते नाडीच्या जागी टोचतं, आणि पट्ट्याची शेपटी दोन्ही लूपांतून बाहेर येऊन वर तबकडीपर्यंत पोचते. अशा मनगटाला ६५ च्या आसपासचा आखूड पट्टा मागून घ्या. अनेक दुकानांत तो समोर लावलेला नसतो, पण विचारलं की मिळतो किंवा बनवून देतात. बक्कल लॉकपेक्षा लहान असतं आणि चामडं वळतं, त्यामुळे १० मिलिमीटर इकडेतिकडे चालून जातं.

आजोबांची एचएमटी जनता कपाटातून काढून वापरणारे आता पुष्कळ आहेत. साधारण ३५ मिलिमीटरचं, पातळ, हलकं घड्याळ. ते बारीक मनगटावरही बसायलाच हवं. तरी फिरत असेल तर घड्याळाला दोष देण्याआधी पट्ट्याचा बाराकडचा तुकडा मोजा. जुन्या पट्ट्याच्या जागी घाईत घेतलेला लांब पट्टा हेच कारण बऱ्याचदा निघतं.

छिद्रं साधारण ६-७ मिलिमीटरवर असतात. एक घट्ट आणि पुढचं सैल असं होत असेल तर दोन्हींच्या बरोबर मध्ये दीड ते दोन मिलिमीटरचं गोल छिद्र पंचने पाडून घ्या. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडे हे पंच असतात. खिळ्याने किंवा तापवलेल्या सुईने छिद्र करू नका. चामडं गोल कापलं जात नाही, फाटतं, आणि ती चीर ओढ बसून लांबत जाते.

नवा पट्टा ताठ असतो, पहिले चार-पाच दिवस तो मनगटाचा आकार घेत नाही आणि घड्याळ वर उचलून धरतो. रात्री तो गोल वळवून, बक्कल लावून ठेवा. मऊ करायला पाण्यात भिजवू नका.

बाकीचे पट्टे

नाटो नावाचा कापडी पट्टा अख्खा एकच असतो, साधारण २८० मिलिमीटरचा. ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या मापदंडातून तो आला. घड्याळ त्यावर सरकवता येतं, म्हणून आधी बक्कल खालच्या मध्यावर लावा आणि मग घड्याळ ओढून वरच्या मध्यावर आणा. केसच्या खालून कापडाचे दोन पदर जातात, त्यामुळे घड्याळ दोन-अडीच मिलिमीटर उंच होतं. आधीच जाड असलेल्या घड्याळाला तो लावू नका. एकाच पदराचा मिळतो, तो घ्या.

कापून बसवायच्या रबरी पट्ट्याला आतून रेघा असतात. एका वेळी एकाच रेघेवर कापा, आलटून पालटून दोन्ही बाजू, आणि प्रत्येक वेळी घालून बघा. कापलेलं रबर परत जोडता येत नाही.

स्मार्टवॉच व्यायामापुरतं हाडाच्या वर दोन बोटं चढवून घट्ट लावा, कारण मागचा दिवा त्वचेला टेकला नाही तर ठोके चुकीचे येतात. व्यायाम संपला की एक छिद्र सैल करा, पट्टा पुसून कोरडा करा. दिवसभर घट्ट पट्टा आणि खाली अडकलेला घाम-साबण, यानेच बऱ्याच जणांना लाल चट्टे येतात.

हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला. एकाच हातात घालायचंच असेल तर बांगड्या घड्याळाच्या पंजाकडच्या बाजूला येतील असं बघा. कोपराकडच्या बांगड्या हात खाली सोडला की घड्याळाला ढकलत हाडावर आणतात आणि केसवर ओरखडे पाडतात.

काढलेल्या कड्या, पिना आणि नळ्या एका छोट्या डबीत घालून डबीवर घड्याळाचं मॉडेल लिहा आणि ती बिलाबरोबर ठेवा. दोन-चार वर्षांत वजन बदलतं, घड्याळ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात जातं, आणि बंद झालेल्या मॉडेलची सुटी कडी बाजारात शोधून सापडत नाही.